नाटकवेड्या मार्शबाई

सर हेन्री ॲन्क्रेड हा म्हातारा नट मला प्रथम भेटला तो आमच्या बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयातील एका जुन्या, पाठ निखळलेल्या पुस्तकात. शेक्सपिअरच्या भूमिकांवर त्याने नाव मिळवलेले, आता रंगभूमी सोडून गढीसारख्या अवाढव्य हवेलीत राहतो. भोवती मुले, सुना, नातवंडे, आणि त्यांतले बहुतेक कमीअधिक नाटकवाले. म्हातारबुवांना हुक्की येते की मॅक्बेथच्या वेशात आपले तैलचित्र व्हावे. चित्रकर्ती येते, चित्र होऊ लागते, आणि घरातले कुणीतरी रात्री त्या चित्रावर उडती हिरवी गाय रंगवून जाते! वाढदिवसाच्या मेजवानीत म्हातारा नवे मृत्युपत्र जाहीर करतो आणि नाटकातल्या एका नाचऱ्या पोरीशी लग्नाचा बेतही सांगून टाकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपल्या बिछान्यात मरून पडलेला सापडतो.

खुनी कोण ते मी सांगणार नाही. रहस्यकथेचा शेवट फोडणारा मनुष्य माझ्या मते घरफोड्याच्याच पंगतीत बसवला पाहिजे. पण ते पुस्तक वाचताना मला खुन्यापेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीचे नवल वाटत होते. त्या घरातली माणसे जेवायला बसली तरी प्रवेश केल्यासारखी बसतात, रडली तरी आपण कसे दिसतो याकडे अर्धे लक्ष ठेवून रडतात, आणि तरीही त्यांचे दुःख खोटे नसते. हे ज्याने विंगेत उभे राहून वर्षानुवर्षे पाहिले नाही, त्याला लिहिता येणार नाही. पुस्तकाचे नाव 'फायनल कर्टन', म्हणजे अखेरचा पडदा. साल 1947. लेखिका नायो मार्श.

मी त्या वेळी एका हौशी नाटक मंडळीत प्रॉम्प्टरचे काम करीत असे. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी माझ्या हातात ते पुस्तक पाहिले आणि चारचौघांत माझी चांगलीच हजेरी घेतली. नाटकाची सेवा करणाऱ्याने खुनाच्या कादंबऱ्या वाचाव्यात, हे त्यांना रुचले नाही. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि धनंजय उशीखाली ठेवून वाढलेली आमची पिढी. मी मुकाट्याने ऐकून घेतले. पुढे बाईंचे चरित्र समजले तेव्हा त्या गृहस्थांची फार आठवण झाली. कारण मार्शबाईंनाही जन्मभर हेच ऐकावे लागले होते, आणि गंमत अशी, की मनातून बाईंचे मतही त्या गृहस्थांच्या मताहून फारसे वेगळे नव्हते.

नायो हे नाव आपल्याला चमत्कारिक वाटते. न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे माओरी लोकांच्या भाषेत ते एका झाडाचे नाव आहे. बाईंचा जन्म न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च शहरी 23 एप्रिल 1895 रोजी झाला. शेक्सपिअरची जयंतीही याच तारखेला मानतात, तेव्हा पुढे जे घडले त्याला नियतीचा हात होता असे म्हणणारे म्हणोत. वडिलांनी मात्र जन्माची नोंद करण्याचा आळस केला आणि ती केली थेट 1900 साली. त्यामुळे बाईंच्या वयाविषयी पुष्कळ दिवस घोळ होता आणि बाईंनी तो निस्तरण्याची घाई केली नाही.

वडील हेन्री मार्श बँकेत कारकून. आई रोझ. दोघांनाही नाटकाचे वेड, आणि आईचा अभिनय तर हौशी लोकांत बसणारा नव्हताच. तरीही तिने रंगभूमी पेशा म्हणून पत्करली नाही. ती कमाई जणू मुलीच्या नावावर ठेव म्हणून राहिली. आजोळचे आजोबा एडवर्ड सीगर हे तर आणखीच वल्ली! ते वेड्यांच्या इस्पितळाचे प्रमुख होते आणि तेथल्या रोग्यांसाठी त्यांनी नाटके, जादूचे खेळ, संगीत असले कार्यक्रम चालवले होते. त्यांच्याजवळ एक जुना अंगरखा होता. थोर नट एडमंड कीन याने तिसऱ्या रिचर्डच्या भूमिकेत तो घातला होता, असे घराण्यात सांगत. तो अंगरखा आजोबांकडून नातीकडे आला. पुढे नातीने तो आपल्यापाशी न ठेवता लॉरेन्स ऑलिव्हिए या नटाला देऊन टाकला. आपल्याकडे एखाद्याच्या घरी गणपतराव जोशांचा हॅम्लेटचा पोशाख असता आणि त्याने तो आपण होऊन एखाद्या नव्या दमाच्या नटाच्या खांद्यावर घातला असता, तर आपण त्या माणसाला काय म्हटले असते याचा विचार करावा.

एकुलती एक मुलगी, टेकडीवर लाकडी घर, परिस्थिती बेताची. कॅश्मीर नावाच्या उपनगरातले हे घर आईच्या नात्यातल्या एका वास्तुशास्त्रज्ञाने बांधून दिले. बाई बारा वर्षांच्या असताना त्या घरात आल्या आणि जगभर हिंडून पुनःपुन्हा त्याच घरी परतत राहिल्या. शिक्षण चित्रकलेचे झाले. 1913 ते 1919 अशी सहा वर्षे त्या कलाशाळेत होत्या. चांगल्या चित्रकर्ती झाल्या असत्या. पण 1919 साली ॲलन विल्की याची नाटक मंडळी क्राइस्टचर्चला आली आणि चित्रकला मागे पडली.

हा विल्की म्हणजे जुन्या वळणाचा नटमालक. बायको नायिका, स्वतः नायक, आणि बरोबर गाडाभर पडदे व पोशाख घेऊन शेक्सपिअर गावोगाव पोचवण्याचे व्रत घेतलेला माणूस. न्यूझीलंडकडे वळण्यापूर्वी, 1911 च्या सुमारास, तो आपल्या हिंदुस्थानातही खेळ करून गेला होता. बाईंनी त्याचे खेळ पाहिले आणि झपाटल्यासारखे बसून 'द मेडॅलियन' नावाचे नाटक लिहिले. ते बाड घेऊन त्या विल्कीला भेटल्या. नाटक त्याने केले नाही, पण त्या उंच, सडपातळ, खर्जातल्या आवाजाच्या मुलीला मंडळीत यायला सांगितले. आई-वडील स्वतः नाटकवेडे, पण पोरीने दौऱ्यावर जायचे म्हटल्यावर घरात जे झाले असेल त्याची कल्पना मराठी वाचकाला देण्याची गरज नाही. शेवटी त्या गेल्या. भूमिका किरकोळच मिळाल्या, परंतु शिकल्या पुष्कळ. रात्रीच्या गाड्या, अनोळखी गावातली बिऱ्हाडे, आज भरलेले आणि उद्या ओस पडलेले थिएटर, नायिकेचे रुसवे, मॅनेजरची गल्ल्यावरची नजर, हे सगळे त्यांच्या मनात जे साठले ते सतरा वर्षांनी बाहेर आले.

मधला काळ थोडक्यात सांगतो. हौशी मंडळ्यांची नाटके बसवणे, वर्तमानपत्रांत लेख लिहिणे, चित्रे काढणे, असे चालले होते. 1928 साली त्या इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांच्या ओळखीचे एक उमराव कुटुंब होते. मोठे मजेदार लोक. पैसा नसला की अधिक खर्च करणारे, आणि दिवाळे वाजण्याच्या बेतात असताना मेजवानी देणारे. त्याच घरातल्या बाईंबरोबर मार्शबाईंनी लंडनच्या नाइट्सब्रिज भागात शोभेच्या वस्तूंचे दुकानही चालवून पाहिले. धनवान माणसे घरात कशी बोलतात, कशी भांडतात, नोकरांसमोर काय झाकतात आणि काय झाकायचे विसरतात, हे या कुटुंबात त्यांना अगदी जवळून पाहायला मिळाले.

1931 सालातला एक पावसाळी शनिवार. बाई लंडनमधल्या आपल्या तळघरातल्या बिऱ्हाडात एकट्याच. भाड्याने आणलेली एक रहस्यकथा वाचून संपलेली, पाऊस थांबत नाही. असे आपल्यालाही जमेल का, असा विचार मनात आला. त्या उठल्या, भर पावसात कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वस्तातल्या वह्या आणि पेन्सिली घेऊन आल्या, आणि लिहायला बसल्या. त्या वह्यांतून 'अ मॅन ले डेड' ही पहिली कादंबरी निघाली. ती छापून यायला 1934 साल उजाडले. दरम्यान आई आजारी असल्याची बातमी आली, म्हणून बाई बाड एका एजंटाच्या हवाली करून मायदेशी धावल्या. 1932 च्या अखेरीस आई गेली. ज्या आईकडून नाटक रक्तात आले, तिला लेकीचे एकही पुस्तक पाहता आले नाही. यापुढे वडील आणि मुलगी, असा दोघांचा संसार. वडील 1948 साली वारले. बाईंनी लग्न केले नाही.

पहिल्या कादंबरीवर पुढे बाईंचे फारसे प्रेम राहिले नाही, आणि ते बरोबरच आहे. कादंबरी बेताचीच आहे. पण तिच्यात एक माणूस जन्माला आला तो पन्नास वर्षे टिकला. हा इन्स्पेक्टर रॉडरिक ॲलिन. उमराव घरात जन्मलेला, सभ्य, थोडा मिस्कील असा पोलीस अधिकारी. हे आडनाव बाईंनी कुठून घेतले, तर एडवर्ड ॲलिन या एलिझाबेथच्या काळातल्या नटाकडून! मार्लोच्या नाटकांत गाजलेला हा नट नाटकधंद्यात गबर झाला आणि त्याने 1619 साली डलिच येथे विद्यालय स्थापन केले. बाईंचे वडील त्याच विद्यालयात शिकलेले. म्हणजे खुनाचा तपास करायला बाईंनी जो मनुष्य नेमला, त्याच्याही नावात एक पैसेवाला नट दडलेला आहे.

दुसरीच कादंबरी बाई थिएटरात घेऊन गेल्या. 1935 सालचे 'एंटर अ मर्डरर'. नाटक चालू आहे, अखेरच्या अंकात एक नट दुसऱ्यावर पिस्तूल झाडतो, दुसरा कोसळतो, पडदा पडतो, टाळ्या होतात. आणि पडलेला मनुष्य उठत नाही. खोट्या काडतुसांच्या जागी कुणीतरी खरी घातली होती. थिएटरचा मालक मोठा धनिक, मेलेला नट त्याचा पुतण्या, नायिकेवरून दोन नटांत वैर. आणि ॲलिन स्वतः प्रेक्षकांत बसलेला! प्रेक्षागृहातल्या शेकडो लोकांनी खून डोळ्यांदेखत पाहिला आणि एकालाही तो खून वाटला नाही. प्रॉम्प्टरच्या खुर्चीवर बसलेल्या माझ्यासारख्याच्या अंगावर हे वाचून काटा आला. नाटकातल्या पिस्तुलाची जबाबदारी मंडळीत कुणावर असते आणि तो माणूस किती वेळा विडी ओढायला बाहेर जातो, हे मला पुरते ठाऊक होते.

येथे मला बाईंच्या कसबाविषयी थोडे बोलावेसे वाटते. इतर रहस्यकथाकारांना खून करण्यासाठी बंद खोली लागते, बर्फाने वेढलेले घर लागते, बेट लागते. बाईंना रंगमंच हाताशी होता. नाटक सुरू झाले की प्रत्येकाची जागा आणि वेळ ठरलेली. अमुक वाक्याला हा डावीकडून आत येणार, तमुक वाक्याला ती उजवीकडे जाणार, मधली चार मिनिटे हा रंगपटात एकटा. पोलिसांना जो तक्ता तपासाअंती तयार करावा लागतो, तो नाटकात आधीच लिहून ठेवलेला असतो. म्हणजे खोटे बोलायला जागा कमी. आणि दुसरीकडे तेथला प्रत्येक माणूस खोटे बोलण्याच्या कलेत वाकबगार! या दोन गोष्टी एकत्र आल्या की इन्स्पेक्टर साहेबांची कशी त्रेधा उडते, ते बाईंनी मन लावून रंगवले आहे. साधनेही नाटकातलीच. दोर, कप्प्या, वजने, दिवे, रंगभूषेच्या खोलीतली गॅसची शेगडी. आपण रोज हाताळतो त्याच वस्तू.

1937 सालच्या 'व्हिंटेज मर्डर' मध्ये विल्कीच्या मंडळीतले दिवस उतरले आहेत. एक इंग्रजी नाटक मंडळी न्यूझीलंडच्या दौऱ्यावर आहे, रात्रीच्या आगगाडीत सगळे पेंगताहेत, तेथे कथा उघडते. नायिकेचा वाढदिवस. तिचा नवरा म्हणजे मंडळीचा मालक, बायकोवर जीव टाकणारा साधा माणूस. खेळ संपल्यावर रंगमंचावरच मेजवानी मांडली आहे. नवऱ्याने बेत असा केलेला की शॅम्पेनची एक प्रचंड बाटली दोराने वरून अलगद उतरत येईल आणि फुलांच्या मधोमध बसेल. कप्पी, दोर, दुसऱ्या टोकाला तोलाचे वजन, सारे जमवून दहा वेळा तालीम घेतलेली. ऐन वेळी बायको दोरी कापते आणि बाटली उतरत नाही, कोसळते, ती नवऱ्याच्या डोक्यावर. कुणीतरी वजन काढून ठेवले होते. याच कादंबरीत एक माओरी डॉक्टर आहे. सुशिक्षित, शांत, पाहुण्यांच्या उद्धटपणाने आतून दुखावलेला. त्या काळच्या इंग्रजी रहस्यकथांत अशा माणसाला सहसा चेष्टेसाठीच आणीत. बाईंनी त्याला माणूस म्हणून उभे केले, हे मला त्यांच्या पदरी टाकावेसे वाटते. बाईंच्या सर्वच पुस्तकांत असे आहे असे मात्र नाही. वर्गाचा आणि रंगाचा अहंकार काही ठिकाणी त्यांनाही सुटलेला नाही.

आता बाईंच्या आयुष्यातली खरी गोष्ट. त्या सुप्रसिद्ध झाल्या त्या रहस्यकथांमुळे. ॲगाथा ख्रिस्ती, डॉरथी सेयर्स, मार्जरी ॲलिंगहॅम आणि नायो मार्श या चौघी म्हणजे त्या साम्राज्याच्या चार राण्या, असे समीकरण होऊन गेले. 1949 साली पेंग्विन प्रकाशनाने बाईंच्या दहा कादंबऱ्या प्रत्येकी 1,00,000 प्रती काढून एकदमच बाजारात आणल्या. दशलक्ष प्रती! आपल्या मराठी लेखकाला हा आकडा स्वप्नातही पडू नये. पण त्याच सुमारास खुद्द क्राइस्टचर्चमध्ये बाईंना विचारले असते, तर त्यांनी या दहा लाखांचा विषय चटकन बदलला असता आणि विद्यार्थ्यांच्या 'ऑथेल्लो'विषयी बोलायला सुरुवात केली असती.

कारण महायुद्धाच्या काळात, एकीकडे रेडक्रॉसची गाडी चालवीत असताना, त्या तेथल्या विद्यापीठ कॉलेजच्या नाट्यमंडळात शिरल्या होत्या. 1943 साली त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन 'हॅम्लेट' बसवले, तेही आधुनिक पोशाखात. पुढल्या वर्षी 'ऑथेल्लो'. दोन्ही नाटकांना संगीत दिले डग्लस लिलबर्न याने. पुढे हा त्या देशाचा थोर संगीतकार म्हणून ओळखला गेला. आगरकरांच्या 'विकारविलसिता'वर आणि देवलांच्या 'झुंझाररावा'वर पोसलेल्या आपल्या लोकांना ही दोन नाटके म्हणजे काय ते सांगायला नको. पण न्यूझीलंडात त्या वेळी टिकून राहिलेली अशी धंदेवाईक नाटक कंपनीच नव्हती. बाहेरून मंडळ्या येत, खेळ करून जात. तरुण मुलांनी शेक्सपिअर पाहावा कुठे? अशा ठिकाणी कायद्याची, विज्ञानाची, शेतीच्या घरातली मुले घेऊन बाईंनी जे उभे केले, ते पाहायला लोकांची रीघ लागली. त्या मुलांना घेऊन त्यांनी देशभर दौरा केला आणि 1949 साली ऑस्ट्रेलियाचाही केला.

त्यांची शिस्त कडक. वाक्याचा अर्थ आधी, अभिनय मागाहून. उच्चार सुटला की थांबा. उशिरा येणाऱ्याची गय नाही. मुलांचे सगळे शब्द त्यांना तोंडपाठ असत. दिवसा तालीम आणि रात्री लिखाण, असा क्रम. रात्री सारे गाव निजल्यावर बाई आरामखुर्चीत वही मांडीवर घेऊन बसत आणि एखाद्या श्रीमंत नटीला विष कसे द्यावे याचा खल करीत. खुनांनी पोट भरायचे आणि शेक्सपिअरने मन, अशी वाटणी होती. बुद्धिवंत मंडळी घरी चहाला येत, नाटकाची स्तुती करीत आणि कादंबऱ्यांचा शब्दही काढीत नसत. जणू बाईंना काही व्यसन असावे आणि सभ्य माणसांनी ते पाहूनही न पाहिल्यासारखे करावे! बाईंना हे बोचत असे. पण 1965 साली त्यांनी आत्मचरित्र लिहिले, त्यात त्यांनी तरी काय केले? पानेच्या पाने नाटकाला दिली आणि आपल्या कादंबऱ्यांना अगदी ओझरता उल्लेख. माझ्या मते येथे बाईंनी स्वतःवर अन्याय केला. त्यांच्या उत्तम कादंबऱ्या त्यांच्या नाटकवेडातूनच निपजल्या, हे त्यांना दिसत नव्हते असे कसे म्हणावे?

नाटकाचे वेड फुकट मिळत नाही. 1951 साली बाईंनी इंग्लंडहून नट जमवून ब्रिटिश कॉमनवेल्थ थिएटर कंपनी काढली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड पालथे घालायचे, आणि त्यातून पुढे कायमची नाट्यसंस्था उभी करायची, असा मनोरथ. कंपनी तोट्यात गेली आणि मोडली. दोन वर्षांनी कॉलेजचे छोटे नाट्यगृह आगीत जळाले, जेथे 'हॅम्लेट' झाले होते तेच. बालगंधर्वांनी कंपनीपायी डोक्यावर केवढे कर्ज घेतले आणि ते फेडताना त्यांची काय दैना झाली, हे आमच्या गावाने जवळून पाहिले आहे. गंधर्व मंडळीला येथे सयाजीराव महाराजांचा आश्रय होता. म्हणून मार्शबाईंच्या त्या बुडीत खात्याकडे मला हसून पाहवत नाही. त्यांचे नशीब एवढेच, की कर्जाची तोंडमिळवणी करायला त्यांच्यापाशी इन्स्पेक्टर ॲलिन होता.

आणि त्याच 1951 साली आलेली 'ओपनिंग नाइट' वाचा. न्यूझीलंडहून आलेली एक तरुण मुलगी लंडनमध्ये थिएटरांचे उंबरे झिजवते आहे. पैसे संपले, पाय सुजले, पोटात अन्न नाही. शेवटी एका थिएटरात तिला काम मिळते ते नटीचे नव्हे, नटीला कपडे चढवणारणीचे. त्या थिएटरात पूर्वी गॅसने एक खून झालेला, आणि पुन्हा तसेच काही घडण्याची छाया पडलेली. खुनाची गोष्ट आहेच, पण रिकाम्या थिएटरात रात्री एकटीच निजलेली ती मुलगी, धूळ, रंगांचा वास, अंधारातली खुर्च्यांची रांग, हे ज्या मायेने लिहिले आहे त्याला तोड नाही. कंपनी बुडण्याच्या काळात आलेले हे पुस्तक आहे. यात कुठेही कडवटपणा नाही, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

कडवटपणा आहे तो श्रीमंत नटनट्यांच्या चित्रणात. 1960 सालच्या 'फॉल्स सेंट' मधली मेरी बेलामी पाहा. पन्नाशीचा वाढदिवस, दारात फुलांच्या राशी, गाडीघोडे, श्रीमंत नवरा, आणि सकाळपासून एकेका जिवलगाचा घास घेणारा तिचा मत्सर. जुनी मैत्रीण नव्या नाटकात काम करते, म्हणून संताप. ज्याला मुलासारखा वाढवला त्याने दुसऱ्या मुलीसाठी नाटक लिहिले, म्हणून संताप. संध्याकाळी मेजवानी ऐन भरात असताना बाई मरते, ती कीटकनाशकाच्या फवाऱ्याने. ती मेल्यावर वाचकाला फारसे दुःख होऊ नये, अशीच तिची तयारी केलेली आहे. पण शेवटी तिची रिकामी खोली पाहताना आपल्याला उगाच अपराधी वाटते. एवढे कौतुक आणि एवढा पैसा मिळूनही एक कमी टाळी जिला सहन झाली नाही, अशी नटी बाईंनी पुष्कळदा पाहिली असली पाहिजे. पैसा आणि कला एकत्र नांदू लागली की त्यांच्यात भांडण कशावरून लागते, हे त्यांना बरोबर कळत होते. 1966 च्या 'डेथ ॲट द डॉल्फिन' मध्ये थेम्सकाठचे पडके थिएटर एक तेलाचा कोट्यधीश आपल्या पैशाने उभे करतो. नाटककार त्याच्या उपकाराखाली दबतो आणि त्याला भितोही. ज्याने आश्रयदात्याच्या दिवाणखान्यात कधी बसून पाहिले आहे, त्याला ही भीती वेगळी समजावून द्यावी लागणार नाही.

मानमरातब पुढे आले. 1966 साली त्यांना डेम हा किताब मिळाला, आणि तो मुख्यतः नाट्यसेवेचा गौरव आहे असे त्या मानीत. 1967 साली विद्यापीठाने नवे नाट्यगृह बांधून त्याला त्यांचे नाव दिले आणि ते 'ट्वेल्फ्थ नाइट' करून उघडले. 1972 साली शहराच्या नव्या नाट्यगृहात त्यांनी 'हेन्री द फिफ्थ' केले, हे त्यांनी बसवलेले शेवटचे शेक्सपिअर. तेव्हा त्या सत्त्याहत्तर वर्षांच्या होत्या. अमेरिकेतल्या रहस्यकथाकारांनी 1978 साली त्यांना आपला सर्वोच्च सन्मान दिला. पण मला विचाराल तर त्यांचे खरे स्मारक वेगळेच आहे. 1971 साली क्राइस्टचर्चला कोर्ट थिएटर ही धंदेवाईक नाट्यसंस्था निघाली. तिच्या संस्थापकांपैकी मर्व्हिन टॉम्पसन आणि पुढे दीर्घकाळ तिची धुरा वाहणारा एलरिक हूपर हे दोघेही बाईंच्या तालमीत उभे राहिलेले. 1951 साली जे बाईंना जमले नाही, ते वीस वर्षांनी त्यांच्या पोरांनी करून दाखवले.

अखेरची वर्षे आजारपणात गेली. दृष्टी, हृदय, पाय, सगळेच कुरकुरू लागले होते. तरी टेकडीवरच्या त्याच घरात, त्याच आरामखुर्चीत बत्तिसावी कादंबरी चालू होती. तिचे नाव 'लाइट थिकन्स', आणि हे शब्द 'मॅक्बेथ'मधले. डॉल्फिन थिएटरात 'मॅक्बेथ' बसते आहे. या नाटकाभोवती नटांच्या मनात केवढी भीती असते! त्याचे नावसुद्धा थिएटरात घेत नाहीत. बाईंनी ते नाटक आयुष्यात बसवले होते, त्यामुळे आता जणू कागदावर एकदा शेवटचे बसवून घेतले. कोण कुठे उभा राहील, तलवारी कशा फिरतील, चेटकिणी कुठून दिसतील, सारे बारकाईने सांगितले आहे. तलवारीच्या युद्धाची तालीम तर पायांचे ठोके मोजून लिहिली आहे. वाचता वाचता आपण रहस्यकथा वाचतो आहोत याचा विसर पडतो.

जानेवारी 1982 मध्ये हे पुस्तक हातावेगळे झाले. 18 फेब्रुवारीला बाई त्या घरातच गेल्या. पुस्तक त्यांच्या पश्चात त्याच वर्षी निघाले. मी ते पुष्कळ उशिरा मिळवून वाचले. खून त्यात आहे, आणि तो भयंकर आहे. पण तो होतो अर्धे पुस्तक उलटून गेल्यावर. तोवर बाई तालीमच घेत असतात.